‘मला येतं’ आणि ‘मी शकते’ यांच्यामध्ये अडकलेले इंग्रजी ‘कॅन’

संध्यावर्ग (धागाकर्ती)

नमस्कार. चिपळूण तालुक्यातील एका गावात, वाचनालयाच्या माडीवर, मी गेली चार वर्षे प्रौढ स्त्रियांसाठी संध्याकाळचा इंग्रजी वर्ग चालवते. सध्या वर्गात १७ जणी आहेत. सर्वांत लहान मुलगी १९ वर्षांची आहे आणि सर्वांत मोठ्या काकू ६२ वर्षांच्या. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, त्यामुळे त्या मुलीने ते दहा वर्षे शिकले आहे. काकूंच्या वेळी ते पाचवीत सुरू होत असे आणि त्यांची शाळा सातवीत सुटली. तरीही ‘मला अमुक करता येते’ एवढे साधे वाक्य बोलायची वेळ आली की दोघी एकाच ठिकाणी अडतात.

मागच्या आठवड्यात मी फळ्यावर ‘कॅन म्हणजे शकणे’ असे लिहिले, कारण मी स्वतः तसेच शिकले आहे. त्यानंतर प्रत्येकीला तिच्या रोजच्या कामातला एक प्रश्न विचारायचा, असे ठरवले होते. काकूंची हापूसची बाग आहे आणि कोय कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नाही. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, दांड्याला मधोमध चीर द्यायची, तितक्याच जाडीच्या काडीला पाचरीसारखे टोक करून ती चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, हे सारे त्या गप्पा मारता मारता करतात. म्हणून मी विचारले, ‘कॅन यू ग्राफ्ट अ मँगो ट्री?’ आणि प्रश्नाचा मराठी अर्थही सांगितला. काकूंनी क्षणभर विचार केला आणि ठामपणे उत्तर दिले, ‘नो.’

मला वाटले, त्या संकोचाने तसे म्हणाल्या असतील. परंतु त्यांनी मलाच समजावून सांगितले : ‘अगं, मला कलम बांधता येतं. पण तू विचारलंस, बांधू शकता का? आता गुडघ्यांमुळे मला खाली बसवत नाही. मग शकते असं कसं म्हणू?’

एका दमात त्यांनी ‘बांधता येतं’, ‘बांधू शकते’ आणि ‘बसवत नाही’ अशी तीन वेगवेगळी रूपे अचूक वापरली. माझ्याकडे मात्र त्या तिन्हींसाठी फळ्यावर एकच शब्द होता आणि त्याचा मी दिलेला अर्थ काकूंच्या दृष्टीने चुकीचा होता.

तेव्हापासून मला शंका येऊ लागली आहे की, ‘कॅन’ची गाठ ‘शकणे’शी बांधण्यात आपलीच चूक होते. पोहणे, शिवणे, गाडी चालवणे, हिशेब करणे अशा शिकून आलेल्या गोष्टींविषयी आपण बोलताना ‘येते’ किंवा ‘जमते’ असे म्हणतो. ‘मी पोहू शकते’ हे वाक्य मी वर्गाबाहेर फारसे ऐकलेले नाही. मग ज्या वाक्यातून विद्यार्थिनी विचार करते, त्याच वाक्यावरून तिला इंग्रजीत का नेऊ नये? आपला अनुभव काय आहे, हे वाचायला आवडेल. माझ्या वर्गात नेहमी होणाऱ्या चुका अशा : ‘मी कॅन स्विम’ (यातला ‘मी’ इंग्रजीतला, me), ‘टू मी स्विमिंग कम्स’, ‘शी कॅन्स सिंग’, ‘आय कॅन टू कुक’, ‘डू यू कॅन ड्राइव्ह?’ आणि सर्वांत चिवट म्हणजे ‘आय कॅन एबल टू’.

भाषाकण

ताई, काकूंना माझा नमस्कार सांगा. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद समजावून घ्यायला विद्यार्थ्यांना काही पाने खर्चावी लागतात.

तुमची शंका मला योग्य वाटते, आणि तिच्या मागचे कारण थोडे खोल आहे. ‘मला पोहता येते’ या वाक्यात पोहणारी व्यक्ती कर्त्याच्या जागी नसते; ती ‘मला, तुला, आईला’ अशी चतुर्थीत असते. येणारी गोष्ट वेगळीच असते. त्यामुळे क्रियापद माणसाकडे पाहत नाही, त्या गोष्टीकडे पाहते : ‘मला पोळी करता येते’, ‘मला पोळ्या करता येतात’, ‘मला लाडू वळता येतात’. बोलणारी बाई एकच आहे, पण क्रियापद पोळ्यांच्या संख्येप्रमाणे बदलले. ‘शकणे’ मात्र माणसाप्रमाणे बदलते : ‘मी शकतो, ती शकते, ते शकतात’. म्हणजे दोन्ही वाटांनी जाणाऱ्या मराठी माणसाला क्रियापदात काहीतरी बदलण्याची सवय असते आणि इंग्रजीत आल्यावर त्याचा हात आपोआप ‘कॅन’कडे जातो. ‘शी कॅन्स’ हे इंग्रजीतल्या ‘शी सिंग्ज’वरून येते हे खरे, पण ‘काहीही बदलायचे नाही’ या गोष्टीवर आपल्या माणसाचा चटकन विश्वासच बसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून मी वर्गात पहिली दहा मिनिटे इंग्रजी बोलतच नाही. ‘मला’च्या जागी ‘आय’, ‘तुला’च्या जागी ‘यू’, ‘तिला’च्या जागी ‘शी’, ‘आईला’च्या जागी नुसते ‘मदर’, एवढीच अदलाबदल करून घेतो. ‘मी कॅन स्विम’ ही चूक ऐकायला मजेशीर वाटते. प्रत्यक्षात ती विद्यार्थिनी ‘मला’ या शब्दाशी प्रामाणिक राहत असते, कारण ‘मला’ म्हणजे इंग्रजीत ‘मी’ (me) असे तिला कोणीतरी शिकवलेले असते, आणि ते शिकवणे इतर ठिकाणी बरोबरच होते. चुकीचे मूळ सांगितले की ती चूक लवकर जाते. नुसते लाल शाईने खोडले की ती पुढच्या वहीत पुन्हा उगवते.

थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगी पडेल. ‘कॅन’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘जाणणे’ असा होता. इंग्रजी ‘नो’ (know) आणि संस्कृत ‘ज्ञा’ यांचे आणि त्याचे मूळ एकच आहे, म्हणजे आपले ‘जाणणे’ हे त्याचे दूरचे नातलग होय. ‘शकणे’ हे संस्कृत ‘शक्’ धातूवरून आलेले आहे आणि त्यात बळाचा अर्थ आहे. जन्माने ‘कॅन’ हे अंगबळाचे क्रियापद नव्हतेच. ते विद्येचे होते. काकूंना ‘येतं’ आणि ‘शकते’ यांत जो फरक जाणवला, त्यात ‘कॅन’ मुळात ‘येतं’च्या बाजूला बसणारे आहे. आज ते दोन्हींकडे वापरले जाते, हा पुढचा भाग झाला.

दुसरी_ब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. वरील विवेचन प्रौढांसाठी उत्तम आहे, परंतु सात वर्षांच्या मुलांपुढे चतुर्थी विभक्ती काढली तर ती खिडकीबाहेर पाहू लागतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे ‘कॅन’ हा शब्द पायांनी शिकवला जातो. ‘कॅन यू हॉप?’ असे म्हणून मी स्वतः लंगडी घालतो. मुले लंगडी घालतात आणि ‘यस, आय कॅन’ असे ओरडतात. ‘कॅन यू टच द फॅन?’ म्हटले की सगळी उड्या मारतात, कोणाचाच हात पंख्याला लागत नाही आणि ‘नो, आय कान्ट’ हे वाक्य न शिकवता तोंडात बसते. आज्ञा ऐकायची आणि अंगाने करून दाखवायची, बोलण्याची घाई करायची नाही, ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली. आमचे खो-खोचे मैदान तिच्यासाठी पुरेसे आहे.

एक सावधगिरी मात्र अनुभवाने शिकलो आहे. ‘यस, आय कॅन’ हा प्रकार फार लवकर घोषणेसारखा होतो. एकदा मी गंमत म्हणून ‘कॅन यू ईट अ बस?’ असे विचारले, तेव्हा ३१ पैकी ३१ मुलांनी ‘यस, आय कॅन’ असे उत्तर दिले. तेव्हापासून दर चार प्रश्नांत एक अशक्य प्रश्न घालतो आणि उत्तर एकेकट्याला विचारतो. ‘कॅन अ फिश फ्लाय?’ हे प्रश्न पुस्तकी वाटतात, पण लहान मुलांसाठी त्यांचा एक फायदा आहे : ‘कान्ट’ म्हणण्याची लाज माशाच्या वाट्याला जाते, मुलाच्या नाही.

संध्यावर्ग

दुसरी_ब सर, तो शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी माशांचे आणि पक्ष्यांचे प्रश्न बालिश म्हणून काढून टाकले होते. आमच्या वर्गात ते तसे वाटतीलच, कारण मासे साफ करणाऱ्या बाईला ‘मासा उडतो का’ असे विचारणे बरे दिसत नाही. तरी पहिल्या पाच मिनिटांत ‘नाही’ म्हणण्याची सवय स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाविषयी बोलून करून घ्यायची, ही कल्पना मी घेते. नवऱ्यांविषयी विचारले तर ‘ही कान्ट कुक’ हे वाक्य १७ जणींच्या तोंडून विनासायास निघेल, अशी माझी खात्री आहे.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दरवर्षी उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यांना इंग्रजी शिकवण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून या धाग्यात एका गोष्टीची भर घालते. व्याकरणापेक्षा तिने आम्हाला जास्त त्रास दिला.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका दवाखान्यातून फोन आला. मी कामावर होते. पलीकडून विचारले, चालता येते का? सासूबाईंनी पाठ केलेले वाक्य स्वच्छ म्हटले, ‘आय कॅन वॉक.’ प्रत्येक शब्द सुटा आणि सारख्याच जोराने. पलीकडच्या बाईंनी ते ‘कान्ट’ असे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात चाकांची खुर्ची पोहोचवण्याची व्यवस्था झाली. सासूबाई दार उघडायला चालतच गेल्या होत्या.

यात सासूबाईंचे व्याकरण अचूक होते. अडचण अशी की, अमेरिकन उच्चारात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांचा स्वर जवळजवळ सारखाच असतो आणि नकारातला शेवटचा ‘ट’ पुष्कळदा पूर्ण फुटत नाही. ऐकणारा मग ‘ट’ऐवजी जोर शोधतो. होकारात ‘कॅन’ इतके दुबळे होते की ते ‘कन’ किंवा नुसते ‘क्न’ ऐकू येते आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो : ‘आय क्न वॉक’. नकारात जोर ‘कान्ट’वर असतो. आपण मराठी माणसे प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण मान देतो, म्हणून आपला होकार तिकडे नकारासारखा ऐकू येतो.

भाषाकण

फार महत्त्वाचा मुद्दा. यात एक सोय आपल्याला उपलब्ध आहे. ब्रिटिश उच्चारात नकाराचा स्वर लांब ‘आ’ असतो, ‘कान्ट’, आणि भारतात आपण तोच शिकतो. तो लांब ‘आ’ जपून ठेवला तर ‘ट’ ऐकू आला नाही तरी अर्थ पोहोचतो. होकारातले ‘कॅन’ मात्र दुबळे करायला शिकवावेच लागेल. मी त्यासाठी ‘आयक्न’ असा एकच शब्द फळ्यावर लिहितो आणि त्यावर टाळी न वाजवता पुढच्या क्रियापदावर टाळी वाजवायला सांगतो. ‘यस, आय कॅन’ या उत्तरात ‘कॅन’ शेवटी येते, तिथे ते पूर्ण आणि खणखणीत उच्चारायचे, हा अपवादही त्याच दिवशी सांगून टाकावा, नाहीतर सगळे उत्तरसुद्धा पुटपुटतात.

अगदीच फोनवर महत्त्वाचे सांगायचे असेल तर पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणावे, असा सल्ला मी वयस्कर विद्यार्थ्यांना देतो. ते थोडे औपचारिक वाटते, पण चाकांची खुर्ची येण्यापेक्षा बरे.

आडमुठा

एक वेगळा सूर लावतो, राग नसावा. तुम्ही सर्वजण ‘कॅन’वर इतकी मेहनत घेत आहात, परंतु मुंबईत कोणालाही विचारा, तो ‘आय नो स्विमिंग’, ‘आय नो ड्रायव्हिंग’ असेच म्हणतो. सर्वांना ते समजते. चालकाच्या नोकरीची मुलाखत घेणारा मालकही ‘डू यू नो ड्रायव्हिंग?’ असेच विचारतो. मग या बायकांनी तेच म्हटले तर बिघडले कुठे? आणि भाषाकण यांनीच आत्ता सांगितले की, ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’ असा आहे!

भाषाकण

आडमुठा, तुम्ही माझेच हत्यार माझ्यावर उगारले आहे, ते मान्य. ‘आय नो ड्रायव्हिंग’ हे भारतात चालते आणि ते ऐकून कोणी नाक मुरडू नये, याच्याशी मी सहमत आहे. देशाबाहेर ‘आय नो हाऊ टू ड्राइव्ह’ असा ‘हाऊ टू’ मध्ये घालावा लागतो आणि नवशिक्याच्या तोंडून तो ‘हाऊ’ हमखास गळतो. तरीही ‘कॅन’ आधी शिकवावे, असे म्हणण्याचे माझे कारण शुद्धतेचे नाही. ‘नो’ने फक्त शिकलेल्या विद्येविषयी बोलता येते. ‘मला शनिवारी येता येईल’, ‘मला ही पेटी उचलता येत नाही’, ‘मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही’ या वाक्यांना ‘नो’ पुरत नाही, ‘कॅन’ पुरते. एकच मोड शिकून तीन ठिकाणी काम होत असेल तर नवशिक्याने तोच आधी घ्यावा.

आडमुठा

हे पटले. ‘शनिवारी येता येईल’ हे मी विसरलो होतो. मागे घेतो, अर्धेच.

परसदार

चष्म्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या आईला आम्ही घरी शिकवतो. मराठीत ती दोन वेगळी वाक्ये बोलते. शेजारच्या आजींविषयी ती म्हणते, ‘त्यांना वाचता येत नाही’, आणि स्वतःविषयी म्हणते, ‘मला हल्ली वाचवत नाही’. पहिले वाक्य निरक्षरतेचे आहे, दुसरे डोळ्यांचे. हे शक्य क्रियापद ज्याला म्हणतात ते, काकूंच्या ‘बसवत नाही’मध्येही तेच आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कान्ट रीड’ होते. आईने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ‘आय कान्ट रीड’ म्हणून पाहिले आणि नंतर घरी रुसून बसली, कारण तिला वाटले की त्यांनी आपल्याला अडाणी समजले. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे.

तेव्हापासून आम्ही ‘कान्ट’ला एकटे सोडत नाही. ‘विदाउट माय ग्लासेस’, ‘नाऊ’, ‘टुडे’, ‘फॉर लाँग’ अशी एक शेपटी प्रत्येक वाक्याला लावायची. मराठीत जो फरक क्रियापदाच्या पोटात असतो, तो इंग्रजीत वाक्याच्या शेवटी उतरवावा लागतो.

संध्यावर्ग

परसदार ताई, काकूंचे कोडे तुमच्यामुळे सुटले. ‘आय कॅन ग्राफ्ट अ मँगो ट्री, बट आय कान्ट सिट ऑन द फ्लोअर नाऊ.’ हे वाक्य मी उद्या त्यांना देते. काकूंचे उत्तर चुकले नव्हते. त्यांना उत्तर देण्यासाठी दोन वाक्ये हवी होती आणि मी एकाचीच जागा ठेवली होती.

रानवाट

दिसणे आणि ऐकू येणे या दोन क्रियांचाही उल्लेख व्हायला हवा, कारण नवशिक्याच्या आयुष्यात इंग्रजी सर्वांत आधी फोनवर येते. ‘आवाज येतोय का?’ याचे भाषांतर ‘इज व्हॉइस कमिंग?’ असे होते, ‘ऐकू येतंय का?’ याचे ‘आर यू हिअरिंग मी?’ असे होते, आणि कार्यालयांत ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ हा एक स्वतंत्र पंथच निर्माण झाला आहे. यासाठी साधे वाक्य ‘कॅन यू हिअर मी?’ हे आहे. इंग्रजीत आत्ता या क्षणी दिसण्या-ऐकण्याविषयी बोलताना ‘कॅन’ लावण्याची पद्धत आहे : ‘आय कॅन सी द बस’. मराठीत ‘मला बस दिसते’ यात ‘शकणे’ कुठेच नाही, त्यामुळे तिथे ‘कॅन’ आपल्याला सुचत नाही. येथेही संध्यावर्ग यांचे म्हणणे उपयोगी पडते : ‘ऐकू येते’मधला ‘येते’ पकडला की ‘कॅन’ मिळते.

पुस्तककिडा

सर्वांनी वर्तमानकाळच घेतला आहे. भूतकाळ कधी घ्यावा? ‘कॅन’चे ‘कुड’ होते, एवढे सांगितले की मुले ‘यस्टरडे आय कुड कॅच द बस’ असे लिहितात आणि ते चूक ठरते, तेव्हा त्यांना काही कळत नाही.

भाषाकण

याची किल्ली मराठीत आयती आहे. ‘लहानपणी मला माडावर चढता यायचे’ आणि ‘काल मला बस पकडता आली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. ‘यायचे’ म्हणजे अंगात असलेले कसब, ते ‘कुड’. ‘आली’ म्हणजे एका प्रसंगी साधलेली गोष्ट, ते ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. नकारात हा भेद ठेवण्याची गरज नाही. ‘चढता यायचे नाही’ आणि ‘पकडता आली नाही’ या दोन्हींना ‘कुडन्ट’ चालते. इंग्रज मुलालाही हा नियम कोणी सांगत नाही, तरी तो पाळतो. आपल्या मुलाने तो ‘यायचे’ आणि ‘आले’ यांच्या आधारे पाळावा. जाता जाता, ‘कुड’मधला न उच्चारला जाणारा ‘ल’ हा ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या संगतीने नंतर घुसलेला आहे, त्यामुळे शब्दलेखनात तो विसरणाऱ्या मुलावर फार रागावू नये.

दुसरी_ब

नियम सुंदर आहे, पण कृपया तो नवशिक्यांना पहिल्या महिन्यात देऊ नका. ‘आय कॅन एबल टू’ हे जे चिवट तण आहे, ते नेमके यातूनच उगवते. एकाच तासाला ‘कॅन’ आणि ‘एबल टू’ हे दोन्ही ‘शकणे’ म्हणून फळ्यावर शेजारी लिहिले जातात आणि मुले काटकसर म्हणून दोन्ही एकाच वाक्यात वापरतात. माझ्या अनुभवात ज्या वर्गाला सहा महिने ‘एबल’ हा शब्दच दाखवला नाही, त्या वर्गात ही चूक आढळली नाही.

संध्यावर्ग

मी तो मागच्याच आठवड्यात दाखवला. आता पुसून टाकते.

ए-वन

मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकतो, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. जर्मनमध्ये तर ‘इश कान डॉइच’, म्हणजे ‘मी जर्मन शकतो’ असे क्रियापद न जोडताच म्हणतात आणि ते ऐकून मला ‘मला जर्मन येते’ हेच आठवते. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संस्थेने २००१ साली भाषाशिक्षणाची जी सामाईक चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांचे वर्णन ‘शिकणाऱ्याला काय करता येते’ अशाच वाक्यांनी केलेले आहे : स्वतःची ओळख करून देता येते, समोरचा सावकाश बोलला तर साधा संवाद करता येतो, इत्यादी. पुढे २०२० च्या पूरक खंडात ए-१ च्याही खालची एक पायरी जोडली गेली. तुमच्या वर्गात महिन्याच्या शेवटी अशी दहा वाक्यांची यादी देऊन प्रत्येकीला स्वतःच खुणा करायला सांगता येईल. ‘कॅन’ शिकवण्यासाठी ‘कॅन’चीच यादी, असा दुहेरी उपयोग होईल.

संध्यावर्ग

ए-वन, ही यादी मी गेल्या वर्षी वेगळ्या स्वरूपात करून पाहिली होती आणि तिच्यात एक अडचण आली. आमच्या बायका स्वतःच्या नावापुढे खूण करत नाहीत. दिवसाला ६० भाकऱ्या थापणारी बाई ‘स्वयंपाक येतो का?’ यावर ‘जमतो आपला’ असे म्हणते. तिला ‘व्हेरी वेल’ म्हणायला लावणे म्हणजे बढाई मारायला लावण्यासारखे होते. म्हणून मी आता उत्तरांची एक उतरंड मराठीतूनच घेतली आहे : ‘चांगले येते’ला ‘व्हेरी वेल’, ‘बऱ्यापैकी’ला ‘क्वाइट वेल’, ‘थोडे थोडे’ला ‘अ लिटल’, ‘मुळीच नाही’ला ‘नॉट अ‍ॅट ऑल’. हे शब्द वाक्याच्या शेवटी टाकायचे, एवढे मात्र घोकून घ्यावे लागते, नाहीतर मराठीच्या सवयीने ‘आय कॅन व्हेरी वेल भाकरी मेक’ असे होते. स्वतःविषयी सर्वांनी ‘अ लिटल’ हेच निवडले. मग मी प्रत्येकीला शेजारणीविषयी बोलायला सांगितले. तेव्हा सगळीकडून ‘व्हेरी वेल’ ऐकू आले.

संध्यावर्ग

शनिवारचा वर्ग आत्ताच संपला, म्हणून ताजे लिहिते.

फळ्यावरचे ‘शकणे’ पुसले आणि ‘मला ... ता येते’ याच्या खाली ‘आय कॅन ...’ असे लिहिले. भाषाकण यांच्याप्रमाणे आधी ‘मला’चे ‘आय’, ‘सुनेला’चे ‘माय डॉटर-इन-लॉ’ असे बदल तोंडी करून घेतले. त्यानंतर प्रत्येकीला आठ ओळींची चिठ्ठी दिली : कलम बांधणे, दुचाकी चालवणे, खेकडे पकडणे, फोनवरून पैसे पाठवणे, ब्लाउज बेतणे, पोहणे, माडावर चढणे, इंग्रजीत सही करणे. खोलीत फिरून प्रत्येक कामासाठी एक ‘यस, आय कॅन’ म्हणणारी शोधायची आणि तिचे नाव लिहायचे, असा खेळ होता. पुस्तकात अशा याद्यांत पियानो आणि घोडेस्वारी असते, त्यामुळे आमच्या खोलीत सर्व उत्तरे ‘नो’ आली असती.

मला वाटले होते की, लहान उत्तर अवघड जाईल. ते सर्वांत सोपे गेले. ‘पोहता येतं का?’ या प्रश्नाला आपण ‘येतं’ असे क्रियापदाने उत्तर देतो, नुसते ‘हो’ म्हणून थांबत नाही. इंग्रजीतही ‘आय कॅन’ हे तसेच मागचे क्रियापद पुन्हा म्हणणे आहे, एवढे सांगताच सर्वांना ते आपल्या घरचे वाटले. ‘यस, स्विम’ असे फक्त दोघी म्हणाल्या. दुबळे ‘क्न’ अजून कोणालाही जमलेले नाही. टाळी क्रियापदावर वाजवा म्हटले की सगळ्या दोन टाळ्या वाजवतात, एक ‘कॅन’वर आणि एक क्रियापदावर. त्यावर कोणाकडे दुसरा उपाय असल्यास सांगावा.

काकूंच्या चिठ्ठीवर कलम बांधण्यापुढे १९ वर्षांच्या मुलीचे नाव होते. तिला ते येत असल्याचे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबांकडून शिकली होती. काकूंनी तिला मराठीतच उलटतपासणी घेतल्यासारखे विचारले की, काडी किती जुनी घेतेस आणि पट्टी कधी सोडतेस. उत्तरे पटल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘शी कॅन.’ थोडे थांबून त्यांनी शेवटी ‘अ लिटल’ जोडले.

दुसरी_ब

टाळीऐवजी पाय वापरून पाहा. ‘आयक्न’ला उभे राहायचे आणि क्रियापदाला एक पाऊल पुढे टाकायचे. काकूंना बसूनच करू द्या, टेबलावर एक थाप पुरेल.